डावी गिटार आणि सरकी पेंडीचं पोतं

जळकोटात हायवेला लागून माझं बांगड्या-कटलरीचं दुकान आहे. हिरव्या चुड्यापासून केसांच्या क्लिपांपर्यंत सगळं मिळतं. त्याच गल्ल्यावर बसून मी अल्टरनेटिव्ह रॉकच्या नव्या अल्बमांची आणि ऑनलाइन लाइव्ह कार्यक्रमांची परीक्षणं लिहितो, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे पाहतात. ती मान हलवते. त्या मान हलवण्याचा अर्थ 'खरं आहे' असाही होतो आणि 'डॉक्टरला दाखवलंय' असाही.

परीक्षणं छापतं पुण्यातलं एक छोटं मराठी संकेतस्थळ. तिथल्या संपादक बाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, "तुमच्या भागात हे ऐकणारे किती असतील?" मी म्हणालो, "मी आणि एक ट्रॅक्टर." त्यांना तो विनोद वाटला. तो नव्हता.

हे संगीत ज्यांच्या कानावर पडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिटारी असतात, ड्रम असतात, आणि गाणारा घरात कुणीतरी झोपलंय अशा बेतानं सुरुवात करून मध्येच घराला आग लागल्यासारखा ओरडतो. मग पुन्हा झोपमोड न करता गातो. सोलापूरला कॉलेजात असताना खोलीतल्या सोबत्याच्या कॅसेटींनी मला हे व्यसन लावलं. सोबती पुढे बँकेत लागला आणि सुधारला. मी बांगड्यांच्या धंद्यात आलो, आणि काचेच्या खणखणाटात राहूनही बिघडलेलाच राहिलो.

आता ट्रॅक्टरचं. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, उसाची वाहतूक करतात. आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरला इंजिन नसलं तरी एक वेळ चालेल, डेक पाहिजे. दाजींनी सीटच्या मागे, डाव्या-उजव्या अंगाला, आपल्या कमरेइतक्या उंचीची स्पीकरची दोन खोकी बसवली आहेत. धूळ आणि पाचटाचा भुगा जाऊ नये म्हणून त्यांच्यावर अक्काच्या जुन्या गोधड्या कायमच्या बांधलेल्या. कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागली की नंबर यायला दुपार सरते. त्या रांगेत, डाव्या खोक्याला पाठ टेकून, मी नवा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो. इअरफोन माझ्याकडे आहेत. पण इअरफोनमध्ये प्रत्येक गायक कानाशी लागून चहाडी केल्यासारखा गातो. माझ्यात आणि त्याच्यात निदान एक ट्रॅक्टर असावा, आणि सगळे अल्बम एकाच तराजूत पडावेत, असा माझा नियम आहे. नियम मोठा भारदस्त वाटतो. खरं तर मला ती रांग आवडते. मागचा ड्रायव्हर हॉर्न देतो, पुढचा उतरून विचारतो, "कोन मेलं का दाजी?" आणि दाजी शांतपणे सांगतात, "न्हाय, पाव्हण्याचं काम चालू हाय."

दाजी स्वतः हे संगीत ऐकत नाहीत. सहन करतात. मेव्हणा म्हटल्यावर करावं लागतं.

त्या हंगामात पुण्याच्या एका चौघांच्या बँडचा दुसरा अल्बम आला. पहिल्या अल्बममध्ये दोन गिटारी होत्या. एक गायकाची, एक एका मुलीची. दोघी सारख्या एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या, असं मी तेव्हा लिहिलं होतं. दुसरा अल्बम दाजींच्या ट्रॅक्टरवर लावला आणि मी थक्क झालो. एकच गिटार! भोवती मोकळं अंगण! एका गाण्यात तर मधोमध सगळं थांबतं आणि बराच वेळ काही म्हणजे काहीच वाजत नाही. फक्त रांगेतली इंजिनं. मी डोळे मिटले. अंगावर काटा आला. घरी येऊन लिहिलं की बँडनं दुसऱ्या गिटारला अखेर रजा दिलेली दिसते, यासारखं शहाणपण दुसरं नाही; त्या लांबलचक शांततेला तर धाडस लागतं; डावी बाजू मोकळी सोडल्यामुळे ऐकणाऱ्याच्या पाठीला मऊ लागतं. 'पाठीला मऊ' हे शब्द मला फार आवडले. मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवले.

लेख दुसऱ्याच दिवशी छापून आला. दोनच दिवसांनी दुकानात एक नवरी चुडा भरायला बसलेली असताना फोन वाजला. हातात नवरीचं मनगट, खांद्यात फोन.

"काका, मी त्या बँडमधली दुसरी गिटार."

"वा! कुठं असता सध्या?"

"बँडमध्येच. या अल्बममध्येही. आठही गाण्यांत."

मी नवरीचं मनगट सोडलं.

मुलगी शांत बोलत होती. रडत नव्हती, हे जास्त वाईट. तिनं सांगितलं की मराठीत त्यांच्यावर कुणी लिहिलेलं ते एवढंच आहे. गायकानं माझा लेख सगळीकडे टाकलाय. तिघांनी मिळून तालीम करून पाहिली, आणि 'काकांचं बरोबर आहे, मोकळं वाटतं' असं ठरतंय. रविवारी संध्याकाळी त्यांचा ऑनलाइन लाइव्ह कार्यक्रम होता. "त्यात मी असेन की नसेन ते तुमच्या लेखावर अवलंबून आहे. मला दया नकोय. तुम्हाला आवडलं नसेल तर तसं लिहा. पण तुम्ही मला ऐकलंच नाही असं वाटतंय. मी डावीकडे आहे."

"डावीकडे?"

"पूर्ण डावीकडे. मिक्सिंग करताना मला अख्खीच डाव्या स्पीकरला टाकलीय."

नवरीची आई म्हणाली, "भाऊ, चुडा भरताय का आम्ही नळदुर्गला जाऊ?"

चुडा भरून मोटरसायकलवर टांग टाकली ती थेट दाजींच्या वस्तीवर. जळकोटपासून गाडीवर विडा चघळून होईपर्यंत येते. ट्रॅक्टर झाडाखाली उभा होता. दाजी हौदावर पाय धूत होते. मी बोलण्याआधी चढलो आणि डावी गोधडी ओढली.

खाली सरकी पेंडीचं पोतं होतं.

मी गणेशोत्सवातल्या नाटकांत खलनायक केलेला माणूस. पोत्याकडे बोट दाखवून, आवाज पोटातून काढून विचारलं, "दाजी! हे काय आहे?"

"पेंड हाय. म्हशीला." दाजींनी पाय पुसले. "का? तुमाला पायजे व्हती?"

"खोकं कुठंय?"

"हरिनामाच्या सप्त्याला दिलंय की. बायकांच्या अंगाला कीर्तन ऐकू जात न्हाय म्हनून. इथं मोकळं दिसाय लागलं, गोधडी लोंबाय लागली, म्हनून म्या पोतं ठिवलं."

"मला सांगायचं नाही?"

"देवाच्या कामाला दिलेलं गावभर सांगत फिरायचं असतंय व्हय, पाव्हणं?"

अक्का दारात आली होती. तिला सगळं उलगडायला क्षणही लागला नाही. माझी बहीणच ती. "म्हनून म्हनलं," ती म्हणाली, "पेंडीचं पोतं मधीच एवढं कसं चेपलंय. तुझी पाठ व्हय!"

थोडक्यात, मी अर्धा अल्बम ऐकला होता आणि उरलेल्या अर्ध्या पेंडीवर परीक्षण लिहिलं होतं.

"चला, खोकं आणू," मी म्हणालो.

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळाचा कळस उतरवायला निघालोय. सप्त्याला दिलेली वस्तू काल्याच्या कीर्तनाआधी कुणी मागत नाही. सतरंजी असो, पातेलं असो, खोकं असो. काला शनिवारी. इअरफोनचा विचार माझ्याही मनात आला, नाही असं नाही. पण ज्या तराजूनं मुलीचं माप कमी भरलं त्याच तराजूत ते पुन्हा तोललं पाहिजे, असं मला वाटलं. आणि दाजींनी त्यावर जो तोडगा काढला तो ऐकल्यावर इअरफोन खिशातच राहिले. "खोकं येत न्हाय," ते म्हणाले, "तर ट्रॅक्टर जाईल."

मारुतीच्या देवळापुढे मांडव होता. सकाळचं पारायण आटोपून पंगती उठल्या होत्या आणि हरिपाठाला अवकाश होता. मांडवात बायका रात्रीच्या भाजीसाठी वांगी चिरत बसलेल्या, आणि मधोमध एकटे अण्णा उभे. अण्णा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, सप्त्याचे कारभारी. दुपारचा पहारा त्यांचा होता. सप्ता बसला की वीणा सुरू होते ती काल्यापर्यंत खाली ठेवायची नसते. एक दमला की दुसऱ्यानं त्याच्या पाया पडून ती गळ्यात घ्यायची. मध्ये सूर तुटता कामा नये. त्यामुळे अण्णा आमच्याशी बोलत होते ते बोटानं तार छेडत, नामाच्या मधल्या फटीतून.

दाजींनी सगळं सांगितलं. अण्णांनी नाम घेतलं, तार छेडली, विचारलं, "वंगाळ काय न्हाय ना त्यात?"

"शब्द कळतच नाहीत, अण्णा."

"मराठी न्हाय का?"

"मराठीच आहे."

अण्णांनी आणखी एकदा नाम घेतलं. "मग लावा. आवाज वाईच दबून. म्या काय कुठं जाऊ शकत न्हाय."

ट्रॅक्टर मांडवाच्या कडेला लावला, वायर ओढली, उजवं खोकं ट्रॅक्टरवर, डावं बायकांमध्ये वांग्यांच्या पाटीशेजारी. एका माणसाला जागचं हलता येत नाही आणि त्याला संपूर्ण अल्बम ऐकावा लागतो, अशी मैफल जगात दुसरीकडे झाली असेल असं मला वाटत नाही. गायक पहिल्यांदा ओरडला तेव्हा एका बाईच्या हातून वांगं सुटलं. "ह्याला काय झालं?" तिनं विचारलं. ट्रॅक्टरवर बसून आमच्याबरोबर आलेली अक्का म्हणाली, "काय न्हाय. आता बरा व्हतोय बघ." आणि खरंच तो पुन्हा हळू गाऊ लागला. दोन गाण्यांत बायकांना त्याची खोड कळली. तिसऱ्यापासून त्या आधीच म्हणायच्या, "आता बोंबलतंय बघा." तो ओरडला की खसखस पिकायची. इतके समजूतदार श्रोते मला पुण्यातही दिसलेले नाहीत.

मी मात्र डाव्या खोक्यासमोर बसलो होतो आणि माझं तोंड उतरत चाललं होतं. कारण मुलगी होती, आठही गाण्यांत होती, पण पहिल्या पाचांत तिथं असण्याचं तिला काही कारण नव्हतं. सजवलेल्या बैलाला आणखी चार गोंडे बांधावेत तशी ती वाजवत होती. गायकाची गिटार एक बोलते, ही तेच जरा बारीक आवाजात पुन्हा बोलते. मी अर्धं ऐकून लिहिलेलं पूर्ण ऐकल्यावरही खरंच ठरत होतं, आणि त्याचा मला जरासुद्धा आनंद होत नव्हता. वाटलं, बिचारीनं फोन केला नसता तर बरं झालं असतं.

मग ते गाणं आलं. सगळं थांबतं ते. उजवीकडची गिटार थांबली, ड्रम थांबले, गायक गप्प झाला. ट्रॅक्टरवर बसून ज्या धाडसी शांततेवर माझ्या अंगावर काटा आला होता, ती आली. आणि ती शांतता नव्हतीच. वांग्यांच्या पाटीशेजारून एकच सूर निघाला होता. ना वर जात होता ना खाली. थोडा खरखरीत, थोडा थरथरणारा, पण धरलेला. तिनं तो एवढा वेळ धरला की बायकांच्या विळ्या थांबल्या. बाकीचे तिघं परत येईपर्यंत अख्खं गाणं तिनं एकटीनं उचलून धरलं होतं.

अण्णांनी तार छेडता छेडता मान वळवली. "माझ्या पहाऱ्यात ही दुसरी वीणा कुठनं आली?"

मी त्याच संध्याकाळी दुकान बंद करून दुसरं परीक्षण लिहिलं. त्यात पेंडीच्या पोत्याची हकिगत जशीच्या तशी दिली. लपवण्यासारखं काही नव्हतं, पाठ माझी आणि पोतं म्हशीचं. मग लिहिलं: पहिल्या पाच गाण्यांत दुसऱ्या गिटारनं बाजूला बसून खुशाल चहा प्यावा, कुणाचं काही अडणार नाही. पण सहाव्या गाण्यात ती नसेल तर ते गाणं राहत नाही, तीन माणसांनी एसटीची वाट बघत उभं राहणं राहतं. अण्णांचं वाक्य शेवटी टाकलं आणि वीणा खाली का ठेवत नाहीत तेही दोन ओळींत सांगितलं. संपादक बाईंनी पेंड तेवढी काढूया का म्हणून विचारलं. मी म्हणालो, पेंड काढली तर मीही निघतो.

मुलीचा निरोप आला. "काका, अर्धं पटलं." कुठलं अर्धं ते लिहिलं नव्हतं. रविवारचं काही लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही. परीक्षण लिहून झालं की हात झटकावेत अशी माझी पद्धत आहे. ती मी पाळली, म्हणजे फोन फक्त जेवताना आणि गिऱ्हाइकाला सुटे देताना बघितला.

शनिवारी काला झाला. रविवारी डावं खोकं ट्रॅक्टरवर परत आलं होतं, त्यावर बुक्क्याचं बोट आणि झेंडूचा हार. हार काढायला दाजी तयार नव्हते. "सात दिस कीर्तन ऐकलंय त्यानं," ते म्हणाले. "तुमच्या गाण्यानं बाटाय नको." संध्याकाळी ऊन कलल्यावर आम्ही बॉनेटवर फोन उभा केला. मी, दाजी, अक्का, आणि अण्णा. अण्णा आपणहून आले होते. खुर्ची दिली तर म्हणाले, "असू द्या, उभ्याची सवय झालीय."

ऑनलाइन कार्यक्रमाची एक गंमत असते. शांतता आली तर ती कला आहे की नेटवर्क, हे कळत नाही. चित्र उघडलं तेव्हा अडकलेलंच होतं. गायकाचं उघडं तोंड, ड्रमवाल्याचे वर गेलेले हात. डावीकडे कुणी आहे की नाही ते दिसत नव्हतं, तिथं पडदा होता आणि पडद्याची सावली.

"हाय का ती?" अक्कानं विचारलं.

"दिसत नाही," मी म्हणालो.

"मग बग की नीट! का परत पोतंच ठिवलंय?"

चित्र सुटलं. कॅमेरा सरकला. मुलगी होती. स्पीकरच्या खोक्यावर पाय हलवत बसली होती, गिटार मांडीत आडवी, आणि हातात स्टीलचा ग्लास. ती चहा पीत होती. पहिलं गाणं झालं, ती चहा पीत होती. दुसरं झालं. फुंकर मारून पीत होती. बाजूला प्रेक्षकांचे संदेश पळत होते: ही कोण, ही आजारी आहे का, हिला काढलंय का. मी लिहिलेलं कुणीतरी इतक्या शब्दशः करून दाखवील असं मला वाटलं नव्हतं, आणि ती हे माझी फिरकी घेत करतेय की निरोप घेत, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. गायक तिच्याकडे एकदाही बघत नव्हता.

"चा संपंना का तिचा?" दाजी पुटपुटले. ते पहिल्यांदाच गाणं ऐकण्यासाठी पुढे वाकले होते.

पाचवं संपलं. तिनं ग्लास खाली ठेवला, पट्टा गळ्यात घातला आणि आपल्या स्पीकरकडे तोंड करून उभी राहिली. गिटार स्पीकरच्या अगदी समोर धरली की सूर आपोआप चेततो आणि धरलेला राहतो, हे मला ठाऊक होतं, दाजींना नव्हतं. सगळं थांबलं आणि हार घातलेल्या खोक्यातून तो सूर आला. अक्कानं पदर कानामागे सारला. गाणं संपलं. सूर संपला नाही. गायकानं पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं, ते त्या सुरावरच. सातवं त्याच्यावर उभं राहिलं आणि उतरलं, सूर तिथंच. आता गायक तिच्याकडे बघू लागला होता. शेवटचं गाणं तर त्यानं तिच्याकडे बघूनच सुरू केलं, कारण कुठून उचलायचं ते तिच्याच हातात होतं.

शेवट झाला. ड्रमवाल्यानं काठ्या ठेवल्या. सूर चालू. मुलगी दमली होती, एक खांदा झटकून बघत होती. तिनं गायकाला मानेनं खूण केली. तो गोंधळला, मग समजला. स्वतःची गिटार उतरवून तिच्यासमोर गेला. दोघांनी मिळून ती गिटार स्पीकरसमोरून न हलवता धरली, तिनं पट्ट्यातून डोकं काढलं.

"पहारा बदलला!" दाजी ओरडले आणि त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की बॉनेटवरचा फोन आडवा झाला.

"आरं, पाया पड की तिच्या!" अण्णा फोनला म्हणाले. "तशी घेत न्हायत!"

मी फोन उभा केला. गायक पाया पडला नव्हता. पुण्याचा मुलगा, त्याला कोण सांगणार. पण मुलगी बुटकी होती आणि पट्टा तिच्या मापाचा. तो आपल्या गळ्यात घालायचा तर त्याला कमरेत वाकावंच लागलं. तो वाकला. सूर तुटला नाही. मुलगी खोक्यावर जाऊन बसली, ग्लासाच्या तळाशी काही उरलंय का ते बघू लागली, आणि तिची गिटार धरून तो तसाच उभा राहिला, ती परत येईपर्यंत.

तिसरं गाणं मात्र वाईटच होतं. तेही मी लिहिलं.